कशावरून?

कॅथलिक पंथात अंत्यविधीच्या मिस्साबलिदानात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रवचन होते, पण त्या प्रवचनात मृताची स्तुती करायची नसते, असा चर्चचा स्पष्ट दंडक आहे. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, उतारा वाचावा, त्याचा अर्थ थोडक्यात सांगावा, मृत्यू आणि पुनरुत्थान यांविषयी बोलून जमलेल्यांना धीर द्यावा आणि थांबावे. गेलेल्या माणसाचे चरित्र आणि त्याच्या गुणांची यादी त्या जागेवरून वाचायची नाही. सोलापुरात आमच्या फादरांच्या, म्हणजे महाविद्यालयात आम्हाला तर्कशास्त्र शिकवलेल्या धर्मगुरूंच्या, अंत्यविधीला जमलेल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हते. पुण्याहून आलेले वयोवृद्ध धर्मगुरू प्रवचनाला उभे राहिले तेव्हा आम्ही सगळे सावरून बसलो, कारण आमच्या मनात जे दाटले होते ते आता कोणीतरी शब्दांत मांडेल, अशी आमची खात्री होती. ते बोलले ते जमिनीत पडणाऱ्या दाण्याविषयी. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो आणि मेला तर पुष्कळ पीक देतो, हा योहानाच्या शुभवर्तमानातला दाखला त्यांनी घेतला, ज्वारीच्या मुलखातल्या लोकांना तो समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत असे म्हणाले, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्यांच्या चुका देवाने पोटात घालाव्यात अशी विनवणी करून आपल्या जागी जाऊन बसले. फादरांचे नाव त्यांनी घेतले ते फक्त प्रार्थनेत.

मला ते लागले. ज्या माणसाने सोलापूरच्या दोन पिढ्यांना विचार करायला शिकवले, त्याच्या शवपेटीसमोर उभे राहून त्याच्या चुकांसाठी क्षमा मागायची आणि त्याने केलेल्या कामाचा उल्लेखही करायचा नाही, हा मला त्या वेळी कोरडेपणा वाटला. आपल्याकडे शोकसभेत विशेषणांना तोटा नसतो. ऋषितुल्य, अजातशत्रू, ज्ञानतपस्वी, विद्यार्थ्यांचे दैवत ही विशेषणे जवळजवळ प्रत्येक दिवंगत प्राध्यापकाच्या वाट्याला येतात, आणि ती वाहिली की आपण आपले देणे फेडले असे समाधानही मिळते. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ, जे आमच्या एक वर्ष पुढे होते आणि आता स्वतः निवृत्तीला आले आहेत, शेजाऱ्याला म्हणाले, "एवढंच? फादरांबद्दल एवढंच बोलणार?"

माझ्या शेजारी बसलेली वर्गमैत्रीण वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होती. तिचे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांच्यात मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की त्याचा हिशेब देवापाशी, मागे राहिलेल्यांनी त्यात शब्द टाकायचा नाही, अशी त्यांची शिकवण. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "स्तुती नाही केली ते बरंच झालं गं, पण क्षमा कशाला मागायची? तेही फादरांसाठी?"

कॅथलिक शिकवणीत या प्रश्नाला उत्तर आहे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मागे राहिलेल्यांची प्रार्थना मृत्यूपाशी अडत नाही. गेलेल्याचा आत्मा देवासमोर पूर्ण शुद्ध होईपर्यंत ती त्याच्या उपयोगी पडते, आणि म्हणूनच २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणासाठी राखलेला आहे. आम्हाला तो दिवस फादरांच्या झग्यावरून कळत असे. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या तासाला त्यांच्या पांढऱ्या झग्याच्या घेराला खालपासून वीतभर उंचीपर्यंत कुसळे चिकटलेली असत, कारण ज्या कबरींना आता सोलापुरात वारस उरलेला नाही त्यांच्यावरचे वाळलेले गवत ते उजाडताच स्वतः उपटून आलेले असत. शिकवता शिकवता त्यांचा हात मध्येच खाली जाई, एखादे कुसळ काढून ते टेबलाच्या कडेला ठेवत आणि वाक्य जिथे सोडले होते तिथूनच पुढे नेत. तास संपला की ती कुसळे गोळा करून खिशात घालत, कारण वर्ग शिपाईमामांना झाडावा लागे.

स्तुतीविषयीचा चर्चचा दंडक मला जितका परका वाटला तितका तो परका नव्हता, हे मिस्साबलिदान पुढे सरकत गेले तसे माझ्या ध्यानात येऊ लागले. फादरांनी आम्हाला शिकवले ते तर्कशास्त्र, आणि आमच्या वह्यांच्या समासात त्यांनी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द होता 'कशावरून?'. एखाद्याने उत्साहाने लिहावे की शंकराचार्य हे भारताचे सर्वश्रेष्ठ तत्त्वज्ञ होते, आणि समासात प्रश्न यावा, कशावरून? एका मुलाने सॉक्रेटिसावरच्या निबंधात लिहिले होते की सत्यासाठी त्याने हसत हसत विषाचा पेला ओठांना लावला. फादरांनी 'हसत हसत' या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी सगळा तास त्या दोन शब्दांवर घेतला. सॉक्रेटिसाला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये मृत्युदंड झाला, त्याने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही, त्याच्या शेवटच्या दिवसाचे वर्णन आपल्याला मुख्यतः प्लेटोकडून मिळते, आणि त्याच वर्णनात प्लेटोने नमूद केले आहे की त्या दिवशी प्लेटो आजारी होता, तिथे हजर नव्हता. "गुरूच्या मरणाविषयी शिष्य लिहितो आणि सांगतो की मी तिथे नव्हतो," फादर म्हणाले, "त्याने हे सांगितले म्हणून त्याच्या बाकीच्या शब्दांवर आपण विश्वास ठेवतो. तुम्ही तिथे होता का? मग 'हसत हसत' कशावरून?" वर्गातल्या सतरा वर्षांच्या मुलांनाही ते 'तुम्ही' म्हणत. घरात, शाळेत, गल्लीत कोणीच आम्हाला अहोजाहो करत नसे. त्यांच्या वर्गात आम्हाला ते मिळे आणि त्याबरोबर आपल्या वाक्याची जबाबदारीही अंगावर येई.

फादर मूळचे वसईचे. केळीच्या आणि पानवेलीच्या बागा असलेल्या त्या हिरव्या पट्ट्यातून निघून ते पुण्याच्या सेमिनरीत गेले, तिथे तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकून पुणे धर्मप्रांतासाठी त्यांनी गुरुदीक्षा घेतली, आणि सोलापूर त्याच धर्मप्रांतात येत असल्याने धर्मगुरू म्हणून इथे आले. आमचे महाविद्यालय चर्चचे नव्हते. तिथे तत्त्वज्ञानाला शिक्षक हवा होता, त्यांच्याजवळ पदवी होती, त्यांनी चारचौघांसारखा अर्ज केला आणि मुलाखत दिली. तेव्हा सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २००४ मध्ये, फादर निवृत्त झाल्यानंतर. पहाटे चर्चमध्ये उपासना, मग सायकलवरून महाविद्यालय, दुपारनंतर पुन्हा चर्चची कामे, असा त्यांचा दिवस असे. त्यांच्या पगारातून कोणाकोणाची फी भरली गेली याच्या गोष्टी दफनानंतर चर्चच्या आवारात चहा पिताना अनेकांनी सांगितल्या. त्यातले मी काही पाहिलेले नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही.

मी पाहिले ते शिकवणे. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, अनुमानाचे ठरलेले उदाहरण आहे: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरात. फादर हे उदाहरण सांगत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही पाचही अंगे फळ्यावर एकाखाली एक लिहीत, आणि मग म्हणत, सोलापूरला पर्वत कुठून आणायचा, आपण खिडकीतून बघू. खिडकीतून कापडगिरण्यांची धुराडी दिसत. त्या काळात काही गिरण्या चालू होत्या आणि काही कायमच्या बंद पडल्या होत्या. धूर येणाऱ्या धुराड्याकडे बोट दाखवून ते विचारत, तिथे अग्नी आहे का? आहे, आम्ही म्हणत असू. मग धूर नसलेल्या धुराड्याकडे बोट दाखवून विचारत, आणि तिथे? नाही, आम्ही एका सुरात म्हणत असू. "कशावरून?" वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील गिरणीत होते किंवा होऊन गेले होते, आणि त्या धुराड्याखाली आग राहिलेली नाही हे आम्हाला घरातल्या चुलीवरून ठाऊक होते. ते त्यांनाही ठाऊक होते. "गिरणी बंद आहे हे तुम्हाला माहीत आहे, ते वेगळे," ते सावकाश म्हणाले, "पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, हे चूक आहे." मग त्यांनी नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, दुसरे उदाहरण सांगितले, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे. त्यात अग्नी आहे, हात लावला तर जळतो, पण धूर नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी घरी जाताना लोहाराच्या भात्यापाशी थांबून बघून यावे, असे सांगून त्यांनी तास संपवला. आम्ही काहीजण खरोखरच थांबलो होतो. लोहाराने चिमट्यात धरलेला तो लाल तुकडा आणि त्याच्याभोवतीची स्वच्छ, नुसती थरथरणारी हवा मला अजून दिसते.

आता ज्याविषयी मला लिहिलेच पाहिजे ते लिहिते. फादर अजातशत्रू नव्हते. विद्यापीठाच्या परीक्षेत पर्यवेक्षक असताना त्यांनी एका मुलाला नक्कल करताना पकडले आणि अहवाल दिला. मुलगा विणकराच्या घरातला, कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिलाच. अहवाल मागे घ्यावा म्हणून त्यांच्यावर खूप दबाव आला, शिक्षकांच्या खोलीत काही जणांनी त्यांच्याशी बोलणे सोडले, आणि फादर हलले नाहीत. आम्हा विद्यार्थ्यांना त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला होता. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः शिकवू लागल्यावर, एकदा त्यांना भेटायला गेले असताना माझ्या महाविद्यालयातली तशीच एक अडचण त्यांच्यापुढे मांडली आणि त्या जुन्या प्रसंगाची आठवण काढून म्हणाले की मला तुमच्यासारखे ठाम राहता आले पाहिजे. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहवाल बरोबर होता. पण त्यानंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो नाही. जायला हवे होते. त्याने शिक्षण सोडले, मागावर बसला. मी मनात म्हणत राहिलो की तो माझ्याकडे येईल. तो कशावरून येणार होता?" हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते पुढे म्हणाले की याची कबुली त्यांनी देवापाशी अनेकदा दिली आहे, पण ज्याच्यापाशी द्यायला हवी त्याच्यापाशी पोहोचायला उशीर झाला. शोध घेतला तेव्हा कुटुंब भिवंडीकडे गेल्याचे कळले.

म्हणून, पुण्याचे ते वृद्ध धर्मगुरू चुका पोटात घालण्याची विनवणी करत होते ती पोकळ नव्हती. वर्गमैत्रिणीच्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर मला तिथेच मिळाले. आम्ही तोंडभर केलेल्या स्तुतीत त्या मुलाला कुठेच जागा नव्हती. त्या प्रार्थनेत होती. प्रार्थना करणाऱ्याला त्या मुलाचे नाव माहीत नसेल, प्रसंगही माहीत नसेल, पण फादरांच्या आयुष्यात अशी एखादी गोष्ट असणारच, हे त्या विधीने आधीच धरलेले होते, आणि फादरांनाही ते तसेच धरलेले हवे होते. बिशपपासून भिकाऱ्यापर्यंत प्रत्येक कॅथलिक माणसासाठी मागणे हेच असते. मला वाटते की एखाद्या माणसाचा खरा मान राखायचा तर त्याला त्याच्या चुकांसकट निरोप द्यावा लागतो, आणि आपल्या शोकसभांनी हे या विधीकडून घेण्यासारखे आहे.

चर्चमध्ये शवपेटी कशी ठेवली होती तेही सांगितले पाहिजे. सर्वसामान्य कॅथलिक माणसाची पेटी वेदीकडे पाय करून ठेवतात, म्हणजे तो आयुष्यभर जसा बसला तसाच शेवटीही वेदीकडे तोंड करून असतो. धर्मगुरूच्या बाबतीत रूढी उलटी आहे. त्याचे डोके वेदीकडे आणि तोंड लोकांकडे, कारण तो लोकांकडे तोंड करून उभा राहत आला. फादरांना उपासनेची पूर्ण वस्त्रे घातली होती, बोटांत जपमाळ गुंफली होती, आणि उशाशी पास्काची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची, उंच मेणबत्ती जळत होती. धर्मगुरूंची वस्त्रे पांढरी होती. फादरांच्या लहानपणी वसईत अंत्यविधीला काळी वस्त्रे असत आणि सगळी उपासना लॅटिनमध्ये चाले; १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आल्या, आणि १९६९ मध्ये अंत्यविधीची नवी रचना आली तेव्हा पुनरुत्थानाच्या आशेचा पांढरा रंगही त्यात आला. फादरांनी हे एकदा वर्गाबाहेर आम्हाला सांगितले होते आणि म्हणाले होते की स्वतःच्या आजीच्या अंत्यविधीतला एकही शब्द त्यांना लहानपणी कळला नव्हता. त्यांच्यासाठी म्हटलेला प्रत्येक शब्द चर्चमधल्या लहान मुलालाही कळत होता. बाजाची पेटी आणि तबल्याबरोबर मराठी गीते गायली जात होती, आणि दाराबाहेरच्या मांडवात उभे असलेले आमचे कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे सोबती ती ऐकत होते.

ख्रिस्तप्रसादानंतर पेटीभोवती फिरून तीर्थ शिंपडले गेले, ते बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण म्हणून. मग धूप. वेदीसेवक मुलाने धुपाटणे उघडून धरले, आत निखारे लाल दिसत होते, त्यांच्यावर धुपाची चिमूट पडेपर्यंत धूर अजिबात नव्हता. माझ्या दोन बाक पुढे बसलेल्या आमच्या एका वर्गमित्राने मान वळवून मागे पाहिले आणि आमची नजरानजर झाली. आम्ही दोघे लोहाराच्या भात्यापाशी एकत्र उभे होतो.

पुनरुत्थानावर माझा विश्वास नाही, आणि फादरांना ते माहीत होते. विद्यार्थिदशेत एकदा वर्गाबाहेर मी त्यांना त्यांच्याच शब्दांत विचारले होते, येशू मेलेल्यांतून उठला हे कशावरून? तरुणपणाच्या जोशात विचारलेला प्रश्न होता, पण त्यांनी तो पूर्ण गांभीर्याने घेतला. "त्याला अनुमान नाही," ते म्हणाले. "ईश्वर आहे की नाही यावर युक्तिवाद करता येतो. थॉमस अक्वायनसने पाच केले आहेत, ते तुम्ही खोडून दाखवा, मी मदत करीन. पण तुम्ही विचारता ती साक्ष आहे. नैयायिक ज्याला शब्दप्रमाण म्हणतात ते. काही माणसांनी सांगितले की आम्ही पाहिले, आणि त्यासाठी छळ सोसला. साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. मी ठरवले आहे. तुमच्या वतीने मला ठरवता येणार नाही." पुढच्याच आठवड्यात त्यांनी चार्वाकाचे मत शिकवले, ज्याला प्रत्यक्षाखेरीज काहीच मान्य नाही, शब्दही नाही आणि अनुमानही नाही, आणि ते इतक्या ताकदीने मांडले की पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, फादर, तुम्हीच चार्वाक आहात की काय? फादर खूप हसले.

पेटी बंद करण्याआधी वसईहून आलेली त्यांची धाकटी बहीण पुढे आली. लाल लुगडे नेसलेली, ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली बाई. तिने पेटीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि ती फादरांशी बोलू लागली, वसईकडच्या त्यांच्या घरच्या बोलीत, मोठ्याने, आपल्या घरच्या पडवीत बोलावे तसे. आम्हाला एखाददुसरा शब्द कळत होता. ती रडत नव्हती, रागावत होती. तिच्या बरोबरच्या भाच्याला विचारले तेव्हा त्याने सांगितले, दर वर्षी सुट्टीला येतो म्हणायचास आणि आला नाहीस, निवृत्त झाल्यावर येतो म्हणालास तेव्हाही आला नाहीस, आता आम्हीच आलो, असे ती म्हणत आहे. फादरांची मराठी आम्हाला नेहमीच नेटकी आणि जपून उच्चारलेली वाटे. माझ्या घरी कानडी, आणि प्रमाण मराठी मी शाळेत कमावलेली. माझ्या निबंधातले कानडी वळणाचे वाक्य ते कधी खोडत नसत, बाजूला दुसरे लिहून देत. त्यांनीही ती भाषा माझ्यासारखीच घराबाहेर कमावली होती, हे त्यांच्या बहिणीचे बोलणे ऐकताना मला पहिल्यांदा उमगले.

निवृत्तीनंतर वसईला का गेला नाहीत, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी संत ऑगस्टिनच्या आईची, मोनिकाची हकीकत सांगितली. उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या गावी, नवऱ्याच्या शेजारी पुरले जावे म्हणून तिने आधीपासून जागा करून ठेवली होती. पण ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात परतीच्या जहाजाची वाट पाहताना तिला मरण आले, तेव्हा ती मुलांना म्हणाली की या देहाला कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका, फक्त जिथे असाल तिथे वेदीपाशी माझी आठवण ठेवा. "मी तर बंदरावर अडकलेलो नाही," फादर म्हणाले, "मला इथे माणसे आहेत."

चर्चमधून निघताना म्हटली जाते ती जुनी प्रार्थना त्या दिवशी मराठीत गायली गेली. देवदूतांनी तुला नंदनवनात न्यावे, आणि एकेकाळी दरिद्री असलेल्या लाजरसाबरोबर तुला चिरविश्रांती लाभावी, असा तिचा आशय. हा लाजरस म्हणजे येशूने ज्याला उठवले तो नव्हे. श्रीमंताच्या दाराशी पडून राहिलेला, ज्याचे फोड कुत्री चाटत, तो. आयुष्यभर ग्रंथांत वावरलेल्या माणसाला शेवटी या भिकाऱ्याच्या सोबतीचा आशीर्वाद मिळतो, हे मला त्या सबंध विधीतले सर्वांत मोठे वाटले.

दफनभूमीत आमच्यापैकी काहीजण बावरलेले होते, कारण ज्यांच्या घरी अग्नी देतात त्यांना माणूस मातीत ठेवताना पाहवत नाही. माझे तसे नव्हते. आम्ही लिंगायत, आमच्याकडे दफनच करतात. माझ्या आजोबांना विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन, मांडी घालून बसवले होते आणि बिल्वपत्रे वाहून माती लोटली होती. इथे माणूस आडवा आणि पेटीत, एवढाच फरक. खड्ड्याची कड पाहिली तर वर हातभर काळी माती, उन्हाने भेगाळलेली, आणि खाली पिवळट मुरूम. सोलापुरात कुठेही खणा, हेच निघते. दोरांवरून पेटी खाली गेली, टेकली, दोर ओढून घेताना लाकडावर घासल्याचा आवाज झाला. मग सगळ्यांनी मूठमाती दिली. काळ्या मातीचे ढेकूळ हातात सहज फुटत नाही, बोटांनी दाबावे लागते. वसईच्या बहिणीने आपले ढेकूळ बराच वेळ दाबून अगदी बारीक केले आणि मगच सोडले. शिपाईमामा माझ्या पुढे होते. ते नव्वदीला टेकले आहेत, नातवाच्या खांद्याला धरून आले होते. माती टाकून ते वळले आणि आम्हाला म्हणाले, "यांच्या तासानंतर फळा मला कधीच पुसावा लागला न्हाई." नातू त्यांना पुढे घेऊन गेला.

महाविद्यालयात शोकसभा घ्यायचे ठरले आहे, आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीने वाचायच्या मजकुराचा पहिला मसुदा मागच्या बाकावरच्या त्या गृहस्थांनी मनापासून लिहून आणला होता. त्यात ऋषितुल्य होते, अजातशत्रू होते, हजारो विद्यार्थ्यांचे जीवन उजळणारा दीपस्तंभही होता. आम्ही चौघे पाचजण तो घेऊन बसलो. कोणी काही बोलायच्या आधी त्यांनी स्वतःच पेन काढले आणि 'अजातशत्रू' शब्दाच्या समोर, समासात, फादर लिहीत त्याच जागी तो प्रश्न लिहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग एकेक विशेषण घेऊन आम्ही विचारत गेलो की हे कोणी पाहिले आहे. जे पाहिलेले निघाले ते राहिले: झग्यावरची कुसळे, पुसलेला फळा, लोहाराचा भाता, सतरा वर्षांच्या मुलांना दिलेला 'तुम्ही', सॉक्रेटिसावरचा तो तास. नक्कल करणाऱ्या मुलाचा प्रसंग घालावा की नाही यावर खूप वाद झाला. फादरांच्या सभेत त्यांचा दोष काढू नये असे दोघांचे म्हणणे होते. मी आग्रह धरला, आणि तो प्रसंग त्यांच्याच शब्दांत, मुलाची ओळख न देता, राहिला आहे.

सभेत पहिल्यांदा शिपाईमामा बोलतील. बसूनच बोलतील, आणि त्यांना हवे तेवढेच बोलतील. त्यानंतर वसईहून बहिणीने भाच्याकडून लिहवून घेतलेले पत्र वाचले जाईल आणि शेवटी आमचे एक पान. फादरांच्या ज्या विद्यार्थ्यांनी त्यांना काही करताना, सांगताना, शिकवताना स्वतः पाहिले असेल, त्यांनी ते कागदावर लिहून सोबत आणावे. ते सगळे कागद एकत्र बांधून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात फादरांनी दिलेल्या पुस्तकांशेजारी ठेवायचे आहेत. ते गृहस्थ, ज्यांनी त्या परीक्षेनंतर शिक्षण सोडले, त्यांच्यापर्यंत हे पोहोचले तर त्यांनीही यावे. फादर त्यांना शोधत होते.